पीएचडीची जागा शोधताना पैशाचा माग

पीएचडीची जागा शोधणारे बहुतेक जण विद्यापीठांच्या क्रमवारीपासून सुरुवात करतात. माझा सल्ला निराळा आहे. विज्ञान-अभियांत्रिकीत संशोधक विद्यार्थ्याचा काही वर्षांचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. तो कोण उचलते हे आधी पाहावे, कारण जागा कुठे जाहीर होणार आणि अर्ज कोणाकडे, केव्हा करायचा, हे त्यावरूनच ठरते.

अमेरिकेत प्रवेश सहसा विभाग देतो. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या आसपास संपते आणि आर्थिक साहाय्यासह आलेला प्रस्ताव स्वीकारण्यासाठी अनेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत अवधी देतात. जीवविज्ञानाच्या बऱ्याच विभागांत विद्यार्थी पहिल्या वर्षी निरनिराळ्या प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक निवडतो. तिथे आधीपासून एकाच प्राध्यापकाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नसतो.

नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतांशी पगारी नोकरी असते, त्यामुळे जाहिराती वर्षभर निघत राहतात. जर्मनीतही प्रकल्पावरच्या जागा अशाच असतात, पण तिथे जाहिरातीतील टक्केवारी नीट वाचावी: वेतनश्रेणी तेरावी (जाहिरातीत E13) असली तरी नेमणूक पुष्कळदा पूर्णवेळेच्या ५० किंवा ७५ टक्क्यांची असते आणि पगारही तेवढाच मिळतो, काम मात्र त्या प्रमाणात कमी होईलच असे नाही. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी योजनेतील डॉक्टरेटच्या जागांना आणखी एक अट आहे. भरतीपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या किंवा काम केलेल्या उमेदवाराला ती जागा मिळत नाही. म्हणजे ज्या देशात पदव्युत्तर शिक्षण नुकतेच पूर्ण केले, नेमका तोच देश बाद होऊ शकतो.

आता न जाहीर झालेल्या जागांकडे वळू, कारण खरी मेहनत तिथे आहे. एखाद्या प्राध्यापकाकडे पैसा आहे की नाही, हे पुष्कळदा उघडपणे कळते. शोधनिबंधाच्या शेवटी ऋणनिर्देशात अनुदान देणाऱ्या संस्थेचे नाव आणि अनेकदा अनुदानाचा क्रमांकही असतो. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने आणि युरोपीय संघाने आपापली मंजूर अनुदाने सार्वजनिक संकेतस्थळांवर ठेवली आहेत, आणि तिथे प्रकल्पाचा सारांश, रक्कम, आरंभाची व समाप्तीची तारीख पाहता येते. नुकत्याच सुरू झालेल्या प्रकल्पाला माणसे लागतात. वर्षभरात संपणाऱ्या प्रकल्पाच्या प्रमुखाला तुमचे काम कितीही आवडले तरी त्याचा हात आखडता असतो. ही एक गोष्ट तपासून ईमेल लिहिले, तर शंभर जणांना एकच मजकूर पाठवण्याचा खटाटोप (जो पाहताक्षणी ओळखू येतो) आपोआप टळतो. पत्र छोटे असावे. त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणता प्रश्न तुम्हाला पुढे न्यावासा वाटतो आणि त्यासाठी लागणारे कोणते तंत्र तुम्हाला येते, एवढे पुरे. आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा आठवण करावी, अधिक नको.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. त्या गटातील आजी-माजी विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत बोलण्याची मुभा मागा, आणि कोण अर्ध्यावर सोडून गेले, हे त्यांना जरूर विचारा. अनुदान तीन वर्षांचे आणि प्रबंधाला लागणार पाच, तर उरलेल्या दोन वर्षांचा पगार किंवा विद्यावेतन कोठून येईल, याचे उत्तर होकार कळवण्यापूर्वी लेखी घ्या.