पाणी बदललं की फेस बदलतो

[टेबलावर दोन सारख्या बाटल्या. कॅमेरा जवळ.]

नमस्कार मंडळी. या दोन बाटल्या बघा. दोन्हींत अर्धा लिटर पाणी आणि अंगाच्या साबणाचा एकेक चमचा कीस. डावीकडे आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी, उजवीकडे आरओचं. आता दोन्ही सारख्याच हलवते.

[हलवून खाली ठेवते.]

उजवीकडे फेस पार गळ्यापर्यंत आलाय. डावीकडे चार बुडबुडे आणि वर पांढरट साका. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं साबण पकडला आणि त्याचा हा साका झाला. शाळेत अशा पाण्याला आपण ‘दुष्फेन’ म्हणायचो. खनिज प्रक्रियेत काम करताना हा शब्द मला रोज आठवतो, कारण तांबं, शिसं, जस्त यांचा फार मोठा हिस्सा फेसावर तरंगवूनच वेगळा केला जातो.

त्यालाच फ्लोटेशन म्हणतात. खडक मैद्यासारखा दळायचा आणि पाण्यात कालवायचा. त्यात कलेक्टर नावाचं रसायन टाकलं की ते हव्या त्या खनिजाच्या कणावर चिकटतं आणि कणाला पाणी नकोसं होतं. मग खालून हवा सोडली की तो कण बुडबुड्याला धरून वर येतो, माती-गारगोटी खाली राहते. एक टन धातुकामागे साधारण दोन टन पाणी लागतं. म्हणजे टाकीत सगळ्यात जास्त काय असतं? पाणीच! आणि तपासणीत सगळ्यात मागे राहतं तेही पाणीच.

रॉक फॉस्फेटसाठी कलेक्टर म्हणून मेदाम्लं वापरतात, ती साबणाचीच भावकी. तिथे दुष्फेन पाणी अगदी या बाटलीसारखंच वागतं: कलेक्टर खनिजापर्यंत पोचायच्या आधीच कॅल्शियम त्याला गिळतं.

तांब्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, आणि मला फार आवडणारं. चिलीतलं अटाकामा वाळवंट. तांबं भरपूर, पाणी जवळपास नाही. तिथल्या सेंतिनेला खाणीत समुद्राचं पाणी गोडं न करता, सुमारे 145 किलोमीटर पाइपनं, 2,300 मीटर उंचीवर नेऊन वापरतात. मिठाचा एक फायदाही आहे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीक राहतात, फेस टिकतो.

मग अडचण कुठे येते? तांब्याबरोबर पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, वर येऊ नये म्हणून चुना टाकून पीएच साडेदहा-अकरापर्यंत नेण्याची जुनी पद्धत आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. पीएच साडेनऊ-दहाच्या वर गेला की त्याचा हायड्रॉक्साइड होऊन बारीक चिकट गाळ बनायला लागतो. आधी तर तो चुनाच खात बसतो, टाकत राहा, पीएच हलत नाही. आणि मग हा गाळ मॉलिब्डेनाइटच्या कणांवर जाऊन बसतो. मॉलिब्डेनाइट म्हणजे तांब्यासोबत मिळणारं मौल्यवान खनिज, मुळातच तरंगणारं. पण अंगावर गाळाचं पांघरूण आलं की बुडबुडा त्याला धरू शकत नाही आणि ते थेट टेलिंगमध्ये, म्हणजे टाकाऊ गाळात, वाहून जातं. म्हणून समुद्राच्या पाण्यात पीएच खाली ठेवून पायराइटसाठी सोडियम मेटाबायसल्फाइटसारखं दुसरं औषध वापरतात. एस्कोंदिदा खाणीनं वेगळी वाट धरली: पाणी किनाऱ्यावरच गोडं करायचं आणि मग डोंगरावर चढवायचं. त्याला वीज अफाट लागते.

आता आपल्याकडचं. इथे प्रश्न पुन्हा वापरलेल्या पाण्याचा, आणि ते वापरायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परत येणारं पाणी जुनी रसायनं घेऊन येतं. शिसं-जस्ताच्या एका प्लांटमध्ये आम्ही तीन दिवस हैराण होतो. शिशाच्या फेसात जस्त येत होतं. कलेक्टर कमी केला, दळण बदललं, फरक शून्य. शेवटी थिकनरवरून, म्हणजे गाळ खाली बसवून पाणी वेगळं करणाऱ्या टाकीवरून, परत येणारं पाणी तपासलं, तर त्यात विरघळलेलं तांबं. जस्ताचं खनिज तरंगावं म्हणून पुढच्या टप्प्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकतात. तोच पाण्याबरोबर उलटा फिरून पहिल्या टप्प्यात आला होता आणि जस्ताला अवेळी जागं करत होता. त्या दिवसापासून मी आधी पाणी बघते, मग बाकीचं.

[पांढरा कॅन उचलून दाखवते.]

विद्यार्थी मित्रांनो, लॅबमध्ये फ्लोटेशनची चाचणी नळाच्या पाण्यावर करू नका. रिकव्हरी, म्हणजे हाती आलेला धातूचा हिस्सा, सुंदर येते, आणि प्लांटवर तिचा पत्ता नसतो. प्लांटचं पाणी असं काठोकाठ भरून आणा, शक्यतो त्याच दिवशी वापरा, कारण उरलेला झँथेट, म्हणजे पाण्यातला कलेक्टर, हळूहळू विघटित होतो. कॅनवर तारीख आणि पीएच लिहा. आणि एक कॅन मे महिन्यात भरा, एक ऑगस्टमध्ये. टेलिंग डॅममधलं पाणी उन्हाळ्यात आटून घट्ट होतं, पावसाळ्यात पातळ. दोन्हींवर तोच धातुक, तीच मात्रा चालवा आणि दोन्ही फेसांचे फोटो मला कमेंटमध्ये पाठवा.