तीन तारा, एक बेडूक
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[हिरवा पडदा. डाव्या कोपऱ्यात उघडझाप करणारी रेघ.]

हा आवाज फ्लॉपी ड्राइव्हचा. आधी घरघर, मग कटकट, मग पुन्हा घरघर. सव्वापाच इंची फ्लॉपी, तिच्यात जागा ३६० किलोबाइट. फोनवर काढलेला साधा फोटोसुद्धा हिच्यात मावत नाही.

आयबीएमच्या जुन्या एक्सटी संगणकाच्या घडणीचा हा पीसी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलला. प्रोसेसर ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, मेमरी ६४० किलोबाइट. धूळ झाडली, पॉवर सप्लाय दुरुस्त केला, आणि हा चक्क उठून बसला. हार्ड डिस्क मात्र गेलेली. सोबत डॉसची, म्हणजे पीसी चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, एकच फ्लॉपी, तिच्यावर जीडब्ल्यू-बेसिक, प्रोग्राम लिहायची सोपी भाषा. संपला संसार.

[टेबल वरून. डावीकडे पीसी, उजवीकडे लॅपटॉप. मध्ये हातभर अंतर.]

उजवीकडच्या लॅपटॉपवर डॉससाठीचं कर्मिट आहे. फाइल पाठवणारं, फाइल घेणारं आणि पीसीला टर्मिनल, म्हणजे दुसऱ्या संगणकाचा नुसता पडदा आणि कीबोर्ड, बनवणारं सॉफ्टवेअर. ते उतरवून घ्यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. हातभर पलीकडे न्यायला मात्र आमचा अख्खा शनिवार गेला. कारण लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्ह नाही, आणि तारेतून फाइल घ्यायची तर पलीकडे कर्मिट हवं. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.

[सोल्डरिंग. धुराची बारीक रेघ.]

म्हणून ही केबल. पीसीचं सीरियल पोर्ट, म्हणजे तार जोडायची जागा, पंचवीस पिनांचं, लॅपटॉपच्या यूएसबी अडॅप्टरचं नऊ पिनांचं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं, एवढंच काम. गंमत म्हणजे इथे तारा उलटसुलट कराव्या लागत नाहीत. पंचवीस पिनांत दोन नंबर बोलतो आणि तीन नंबर ऐकतो, नऊ पिनांत बरोबर उलटं. त्यामुळे दोनला दोन, तीनला तीन, आणि सातच्या ग्राउंडला पाच. झाल्या तीन तारा. पण पलीकडे कुणी तयार आहे अशी खूण मिळाल्याशिवाय डॉस पोर्टला दाद देत नाही. मग त्याची समजूत काढायला प्लगच्या आतच चार-पाच एकमेकांना जोडायचे, आणि सहा-आठ-वीस एकमेकांना. हो, फसवणूकच आहे. चालते.

[पडद्यावर आज्ञा टाइप होते.]

मोड कॉम-एक, म्हणजे पहिलं सीरियल पोर्ट, वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे शून्य-एकच्या इतक्या खुणा. मग कॉपी कॉम-एक. तारेतून जे येईल ते फ्लॉपीवर लिही, एवढंच डॉसला सांगितलं. पण इथे एक मेख आहे. सव्वीस क्रमांकाचा बाइट आला की फाइल संपली, असं ही आज्ञा समजते. प्रोग्रामच्या फाइलमध्ये असा बाइट कुठेही असू शकतो, आणि तिथेच गाडी थांबते.

कर्मिटवाल्यांनी याच्यावर तोडगा काढून ठेवला होता. प्रोग्राम साध्या छापील अक्षरांत उलगडायचा, तीन बाइटांची चार अक्षरं. त्या फाइलीचं आडनाव ‘बू’. सोबत बेसिकमधला छोटा प्रोग्राम, बूचा पुन्हा प्रोग्राम करणारा. गरज पडली तर तो कागदावरून बघून हातानं टाइप करता येतो. समोरच्याकडे काहीच नाही असं धरून चालणारी ही माणसं. आमच्या लेखी या गोष्टीतली सगळ्यात सुंदर वस्तू हीच.

सेकंदाला साधारण १२० अक्षरं. बघत बसा. आम्ही बसलो.

[भिंतीवर बेडकाचं चित्र. आमचंच, हातानं काढलेलं.]

तोवर बेडकाबद्दल. १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी डेक (डिजिटल इक्विपमेंट) कंपनीच्या मोठ्या सामायिक संगणकांवर काम करायचे. तिथे डिस्कवरची जागा फार तोकडी. स्वतःच्या फाइली स्वतःच्या फ्लॉपीवर ठेवता आल्या तर प्रश्न सुटणार होता. एका टोकाला डेकचं यंत्र, दुसरीकडे आयबीएमचं मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य मध्यवर्ती संगणक, तिसरीकडे टेबलावरचे छोटे मायक्रो. प्रत्येकाची बोली वेगळी. फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी या सगळ्यांना झेपेल असा फाइल देण्याघेण्याचा संकेत बसवला. नाव सुचेना. भिंतीवर मपेट्स या टीव्हीवरच्या बाहुल्यांचं कॅलेंडर होतं, त्यावर कर्मिट बेडूक. झालं बारसं. पुढे बेडकाच्या मालकांची रीतसर परवानगीही घेतली.

फाइल हस्तांतराचा एक्समोडेम हा संकेत त्याआधीच होता. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टन्सन यांनी तो १९७७ मध्ये लिहिला. पण त्याला प्रत्येक बाइटाचे आठही बिट जसेच्या तसे नेणारी लाइन लागायची. मेनफ्रेमकडे जाणाऱ्या लाइनी सात बिटांच्या, शिवाय काही नियंत्रण-अक्षरं, म्हणजे न छापली जाणारी, यंत्राला हुकूम देणारी अक्षरं, वाटेतच गिळणाऱ्या. कर्मिट अशा फाटक्या लाइनीवरून जायलाच जन्माला आलं.

[कागद. पेननं चौकोन आखले जातात.]

हे त्याचं पॅकेट, म्हणजे एका वेळी पाठवायचा फाइलचा तुकडा. सुरुवातीची खूण, लांबी, क्रमांक, प्रकार, मजकूर, शेवटी बेरजेचा ताळा. मूळच्या नियमात लांबीचा आकडा ९४ च्या पुढे जात नाही. पोचलं तर पलीकडून ‘वाय’, नाही पोचलं तर ‘एन’. उत्तर येईपर्यंत पुढचं पॅकेट नाही. मनीऑर्डरची पावती हातात पडल्याशिवाय दुसरी मनीऑर्डर करायची नाही, तसं.

संकेत ठरवणं, लिहिणं एका जागी झालं, पण वाढवलं जगानं. कोलंबियातून मूळ कोडसकट टेपा जायच्या, आणि कुणीही नक्कल करून पुढे द्यायची मुभा होती. शेकडो प्रकारच्या संगणकांवर ते पोचलं. आमच्या टेबलावरच्या डॉस आवृत्तीमागे यूटा स्टेट विद्यापीठातल्या जो डूप्निक यांची अनेक वर्षं आहेत.

[पडदा. कर्मिटची पाटी उमटते. मागून कुणाचं तरी हसू.]

आलं.

[पीसीवर लॅपटॉपमधल्या लिनक्सची पाटी.]

कनेक्ट म्हटलं की पीसी पीसी राहत नाही. तो व्हीटी-१०० होतो, डेकचं १९७८ चं टर्मिनल. चोवीस ओळी, ऐंशी रकाने. पीसीच्या पडद्यावर ओळी पंचवीस, म्हणून उरलेल्या तळच्या ओळीत कर्मिट आपली माहिती लिहितं. तिकडून ‘पडदा पूस’, ‘कर्सर वर ने’ अशा खुणा येतात आणि हा निमूट पाळतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शेल खात्यावरचं, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या खात्यावरचं, इंटरनेट असंच होतं. चित्र नाही, माउस नाही. मोडेम, टर्मिनल प्रोग्राम आणि अक्षरं.

नेटवर्क कार्डाची कथा वेगळी. तिथे आधी पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, लागतो, त्यावर नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरवणारं इलिनॉयमधलं एनसीएसए टेलनेट चालतं, किंवा मायकेल ब्रुटमन यांचा एमटीसीपी हा नेटवर्क-प्रोग्रामांचा संच, जो आजही ८०८८ वर धावतो.

हे सगळं मिळतं कुठे? एकेकाळी मोठा साठा होता सिमटेल-२०, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर. हो, क्षेपणास्त्र तळावर. तो १९९३ मध्ये बंद झाला, कोलंबियानं कर्मिटचा प्रकल्प २०११ मध्ये थांबवला, आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीसाठीच्या सॉफ्टवेअरचा हॉब्स साठा २०२४ मध्ये गेला. नकला ज्यांनी करून ठेवल्या त्यांच्याकडे आहेत.

[लॅपटॉप. एका अक्षराची फाइल.]

शेवटचा प्रयोग. या फाइलीत एकच अक्षर, क. आजच्या युनिकोड संकेतात नाही, इस्कीमध्ये, म्हणजे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डाबरोबर, पीसीत भारतीय लिप्या आणणाऱ्या कार्डाबरोबर, डॉसवर जी लिपी-संकेतावली वापरात होती तिच्यात. इस्कीत देवनागरी २५६ जागांच्या तक्त्याच्या वरच्या अर्ध्यात बसते, आठव्या बिटाच्या आधारानं. मुद्दाम लाइन सात बिटांची केली आणि फाइल नुसती कॉपी करून पाठवली.

[पडद्यावर: इंग्रजी तीन.]

क चा आठवा बिट वाटेत गळाला. उरला तीनचा आकडा. अख्खं पत्र असतं तर असाच आकड्यांचा आणि चिन्हांचा चिवडा आला असता.

आता तीच लाइन, तेच सात बिट, पण कर्मिट. दोन्हीकडे पॅरिटी सांगितली, म्हणजे आठवा बिट मजकुराचा नाही, ताळ्याचा. आता कर्मिट अक्षराआधी ‘&’ लावून पाठवतं, म्हणजे ‘&’ आणि तीन. पलीकडचं कर्मिट ‘&’ काढून आठवा बिट परत बसवतं.

[एक बीप. टाइप आज्ञा. पडद्यावर एक उभी रेघ.]

या पीसीत जिस्ट कार्ड नाही. त्याच्या स्वतःच्या अक्षरतक्त्यात त्या जागी उभी रेघ आहे, म्हणून रेघ दिसते.

तो क आहे.

[रेघेवर कॅमेरा. फ्लॉपीचा दिवा विझतो.]