अकरा ओळी

(काळा पडदा. तांबड्या अक्षरांत एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटते.)

22 मार्च 2016. जगभरातल्या प्रोग्रॅमरांपुढे एकच तक्रार: 'लेफ्ट-पॅड' हे पॅकेज, म्हणजे तयार कोडचा सुटा तुकडा, सापडत नाही. अनेकांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याचं काम एवढंच, की मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून तो हव्या त्या लांबीचा करायचा. 11 ओळींचा कोड. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, लेफ्ट-पॅडच्या लेखकाने आपली सगळी पॅकेजेस एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सामायिक भांडारातून काढून घेतली, त्यांत हेही गेलं. नवा जावास्क्रिप्ट कोड जुन्या ब्राउझरांना चालेल असा करून देणाऱ्या बाबेलसारखी मोठी साधनं या ना त्या मार्गाने त्याच्यावर टेकलेली होती.

त्या दिवशी इंटरनेट कोसळलं, असं अजूनही सांगतात. तसं काही झालं नाही. चालू साइट्स चालूच होत्या. अडलं ते बिल्ड, म्हणजे कोड आणि पॅकेजेस जुळवून चालवण्याजोगं रूप तयार करण्याची पायरी. दुरुस्ती लिहून तयार, पण ती सर्व्हरवर चढवता येईना. वेब अ‍ॅप रोज बदलतं, त्यामुळे बिल्ड बंद म्हणजे हातच बांधलेले. दोनेक तासांनी एनपीएमने तो कोड परत आणला. पुढे, जुनं पॅकेज कुणाला परस्पर काढता येऊ नये म्हणून नियमही बदलले.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1968. जर्मनीतलं गार्मिश. नाटोच्या ज्या परिषदेमुळे 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रुळला, तिथेच संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी तयार सुट्या भागांची कल्पना मांडली. दर वेळी सगळं नव्याने का लिहायचं? मात्र त्यांना हे भाग अचूकता, दणकटपणा आणि वेग यांनुसार वर्गवारी लावून हवे होते. वेबने भाग भरभरून दिले. वर्गवारी राहून गेली.

(टीमची बैठक. फळ्यावर बाणांचं जाळं.)

म्हणून आता पारख टीमनेच करायची. लॉक फाइल प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती बांधून ठेवते. पण मूळच गायब झालं तर लॉक फाइल काय करणार? त्यासाठी पॅकेजेसची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात. आवृत्ती वाढवली की सगळ्या टेस्ट पुन्हा चालतात, मगच ती पुढे सरकते. आणि नवं पॅकेज आणताना रिव्ह्यूमध्ये कुणीतरी विचारतंच: हे आपल्यालाच लिहिता येणार नाही का?

(स्क्रीनवर एक छोटं फंक्शन: 'पॅडस्टार्ट'.)

2017 साली जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकातच तेच काम करणारं हे फंक्शन आलं. लेफ्ट-पॅडची गरज संपली. डाउनलोड मात्र ते आजही होतं.