'झिमा' : स्लाव्हिक हिवाळ्याचा शब्द

रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन... या सगळ्या भाषांत हिवाळ्याला आजही 'झिमा'च म्हणतात. यातला झ 'झरा'मधल्यासारखा दंतमूलीय, फक्त महाप्राण नाही. या भाषांची जननी म्हणजे आद्य स्लाव्हिक. तिचा एकही लेख उपलब्ध नाही. सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक बंधू ८६३च्या सुमारास मोराव्हियात (आजच्या चेक प्रदेशात) गेले, तेव्हा कुठे स्लाव्हिक ग्रंथलेखनाला सुरुवात झाली. म्हणून तिचे शब्द नंतरच्या भाषांवरून पुन्हा रचावे लागतात, आणि अशा पुनर्रचित रूपाआधी तारका लावतात : *झिमा.

ऐकताक्षणी 'हिम' आठवतं. आपला हिवाळाही 'हिम'वरूनच आलेला, आणि ऋग्वेदात 'शतं हिमाः' म्हणजे शंभर वर्षं. नातं खरंच आहे. पण 'हिम' आणि 'झिमा' थेट एकमेकांसमोर ठेवले की स्वर जुळत नाहीत. 'हिम'मधला इ मुळातच ऱ्हस्व. असा इ आद्य स्लाव्हिकमध्ये अतिऱ्हस्व होतो आणि पुढे बऱ्याच ठिकाणी गळून पडतो. तसं घडलं असतं, तर रशियनमध्ये 'झ्मा'सारखं काहीतरी उरलं असतं. 'झिमा'तला इ आला आहे 'एइ' या संयुक्त स्वरातून. स्लाव्हिकच्या जवळच्या नात्यातल्या लिथुएनियन भाषेत त्याचा 'इए' झाला, संस्कृतात 'ए'. म्हणजे स्वराच्या हिशेबाने 'झिमा'चं सख्खं भावंड 'हेमंत'.

व्यंजनातही एक चकवा आहे. स्लाव्हिकमध्ये काही वेळा 'ग'चाही झ होतो : 'नोगा' म्हणजे पाय, त्याची सप्तमी 'नोझे'. 'झिमा'चा झ तसा नाही. तो संस्कृत आणि स्लाव्हिक यांच्या समान पूर्वज भाषेतल्या तालव्य महाप्राणातून, म्हणजे टाळूजवळ उच्चारलेल्या 'घ'सारख्या ध्वनीतून आला. त्याच ध्वनीचा संस्कृतात ह झाला.

आता आद्य स्लाव्हिकमधली रूपं. शब्द स्त्रीलिंगी, आकारान्त. संबोधन धरून सात विभक्ती, तीन वचनं. 'माला' पाठ असेल त्याला हा तक्ता ओळखीचा वाटेल. द्वितीया 'मालाम्', इकडे 'झिमों', शेवटी नासिक्य ओ. तृतीया 'मालया', इकडे 'झिमोयों'. द्विवचन 'माले', इकडे 'झिमे'. रशियनमध्ये 'हिवाळ्यात' म्हणायला जे 'झिमोय' वापरतात, ती ही जुनी तृतीयाच.

आघात, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर येतो ते, मात्र जपून पाहावा लागतो, कारण तो सरकता आहे. रशियन प्रथमेत तो 'मा'वर, द्वितीयेत 'झिमू' म्हणताना 'झि'वर. लिथुएनियनमध्येही प्रथमेत शेवटी, द्वितीयेत धातूवर. त्यामुळे हा आघात बाल्टो-स्लाव्हिक काळापासूनचा, म्हणजे लिथुएनियनसारख्या बाल्टिक आणि स्लाव्हिक भाषा वेगळ्या होण्याआधीचा ठरतो. इथे पोलिश आणि चेकची साक्ष निरुपयोगी : पोलिशमध्ये आघात उपांत्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर बांधलेला, चेकमध्ये पहिल्यावर.