ती होडी जाडी होती

(लघुमाहितीपटाचं निवेदन. अवधी सुमारे 12 मिनिटं.)

[सेमिनार हॉल. मॉनिटरच्या कोपऱ्यांना चिकटवलेले रंगीत फुगे.]

हे फुगे वाढदिवसाचे नाहीत. ही प्रोग्रॅमिंगची स्पर्धा आहे, आणि एक गणित सुटलं की एक फुगा, असा हिशोब आहे. लाल म्हणजे पहिलं सुटलं, निळा म्हणजे दुसरं. हेलियम परवडत नाही, म्हणून तोंडानं फुगवायचे आणि सेलोटेपनं मॉनिटरला डकवायचे. फुगवणारी ही एसईची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची पोरं सकाळी साडेसहाची लोकल पकडून आली आहेत. उजवीकडच्याचे गाल बघा.

प्रत्येक टेबलाशी तीन डोकी आणि एकच संगणक. नियमच तसा आहे. 1970 साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ज्या स्पर्धेची सुरुवात झाली, ती आज आयसीपीसी म्हणून जगभर होते. तिच्यात तिघांना मिळून एक यंत्र आणि पाच तास मिळतात. उत्तर चुकलं आणि ते गणित नंतर सुटलं, तर आधीच्या प्रत्येक चुकीमागे 20 मिनिटांचा दंड. ही तिचीच घरगुती आवृत्ती. इथे तीनच तास आहेत, कारण चार वाजता हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय.

[टेबलाखालची पिशवी. जांभळे फुगे.]

दीड तास झाला, तरी जांभळ्या फुग्यांच्या पिशवीला कुणाचा हात लागलेला नाही. सहावं गणित. वाचायला दोन मिनिटं लागतात. मराठी शब्द दिला जाईल. तो उलटसुलट सारखाच वाचता येतो का, ते सांगा.

[लोकलच्या खिडकीतून डोंगर. ठाणे–बेलापूर रस्ता.]

कॉलेज ठाणे–बेलापूर रस्त्यालगतचं आहे, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे एमआयडीसी. जिथे कधी रसायनांचे कारखाने होते, तिथे आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. ठाण्याच्या नऊ नंबरवरून सुटलेली गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे करत निघते, आणि डब्यातला निम्मा पोरवडा घणसोली–कोपरखैरण्यापर्यंत उतरतो.

[कॉरिडॉर. कार्डशीटवर रंगवलेला पतंग.]

हा कार्डशीटवरचा पतंग, म्हणजे दिव्यावर झेपावणारा किडा, टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी काढलाय. पंख जरा जास्तच देखणे झालेत, मूळचा बिचारा करपट होता. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, तो सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीनं डकवून ठेवला आणि शेजारी लिहिलं की खराखुरा बग सापडण्याची ही पहिलीच वेळ. (बग म्हणजे किडा, आणि यंत्रातल्या बिघाडालाही तोच शब्द.) वही अजून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर सहाच दिवसांनी, 15 सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक बैठक भरली आणि तिथे या बॅनरवरची संस्था जन्माला आली: असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, म्हणजे एसीएम. आपल्याकडे स्वातंत्र्याला त्या दिवशी बरोब्बर महिना झाला होता. सुरुवातीला नावात 'ईस्टर्न' होतं, ते पुढच्या वर्षी गळलं. 'मशिनरी' मात्र चिकटून राहिलं. ॲडमिशनच्या दिवशी एक तरी पालक विचारतोच, "हे मेकॅनिकलवाल्यांचं का?"

पलीकडच्या फलकावर आहे कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया. तिची स्थापना 1965 ची, मुख्यालय मुंबईतच, आणि पहिले अध्यक्ष आर. नरसिंहन. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला, तेच. टिफ्रॅक 1960 मध्ये चालू झाला. त्याच्या स्मृतीत 40 बिटांचे 2048 शब्द मावत. हिशोब केला तर होतात 10 किलोबाइट. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारा सुप्रभातचा एक फोटोसुद्धा त्यात बसला नसता.

[स्टीलचं कपाट. फाइल. शिक्के.]

चॅप्टर, म्हणजे एसीएमची कॉलेजातली विद्यार्थी शाखा, प्रत्यक्षात हे कपाट. एसीएमचा नियम असा की किमान दहा सभासद हवेत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार हवेत. लिहिलेली घटना हवी, पाठीशी एसीएमचे सभासद असलेले एक प्राध्यापक हवेत, आणि दर वर्षाचा अहवाल गेला पाहिजे. तो चुकला की चॅप्टर कागदावरूनही उतरतो. कमिटी दर वर्षी नवी येते. जुनी बीईत, म्हणजे शेवटच्या वर्षात जाते, प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटमध्ये बुडते आणि मग तिचा फोन लागत नाही. (निवडणूक झाली त्या दिवशी आमचा कॅमेरा बॅगेतच होता. तेव्हा ती इथे नाही.)

हा अर्ज बघा. विषय: सेमिनार हॉल मिळण्याबाबत. पहिल्यांदा परत आला, कारण विभागप्रमुखांच्या आधी ग्रंथपालांची सही झाली होती. दुसऱ्यांदा परत आला, कारण दिनांक मराठीत होता. तिसऱ्यांदा का आला ते कुणालाच कळलं नाही, चौथ्यांदा तोच कागद पास झाला. मी याच चॅप्टरचा खजिनदार होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हाही कपाट हेच होतं आणि किल्ली अशीच अडकायची.

वर्षभरात या कपाटातून काय काय निघालं, तर दोन पाहुण्यांची व्याख्यानं आणि एक वर्कशॉप. वर्कशॉपला गर्दी झाली, कारण अटेंडन्स मिळणार होती.

आणि शाळा.

[महानगरपालिकेची शाळा. सातवीचा वर्ग. बाकांवर लॅपटॉप.]

ऑगस्टमधला शनिवार आहे. सकाळची शाळा, बाहेर पाऊस. चॅप्टरची सात जणं स्वतःचे लॅपटॉप घेऊन आली आहेत. आधीच्या दोन शनिवारांना पडद्यावर इंग्रजी स्लाइड होत्या आणि वर्ग चिडीचूप होता. प्रश्न विचारला की पोरं सामूहिक "होऽऽ" म्हणायची. त्या दिवसांचं चित्रीकरण आमच्याकडे आहे, पण दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

आज स्लाइड नाहीत. सेक्रेटरी फळ्यावर खडूनं लिहितोय: ठाणे.

"किती अक्षरं?"

"दोन!"

हीच ओळ संगणकाला विचारली. पडद्यावर उत्तर आलं 4.

[क्लोज-अप: पडद्यावर 4. मुलांचे चेहरे.]

वर्ग हसतो. कुणीतरी म्हणतं, "नापास!" सेक्रेटरी काही समजावून सांगायच्या बेतात असतो, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची ही मुलगी हात वर करते. तिचं बोलणं माइकमध्ये नीट आलेलं नाही, म्हणून सांगतो. ती म्हणाली, "दादा, तो काना आणि मात्रा वेगळे मोजतोय."

बरोबर आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, ठ ला एक क्रमांक, कान्याला दुसरा, ण ला तिसरा, मात्रेला चौथा. देवनागरीला त्या यादीत 128 जागांचा एक सलग पट्टा दिलेला आहे. क ला जागा आहे, तशीच वेलांटीला, उकाराला आणि पाय मोडणाऱ्या त्या छोट्या तिरक्या रेघेलाही. आपण अक्षर म्हणतो ती वस्तू यंत्राजवळ नाहीच. त्याच्याजवळ सुटे भाग आहेत, पडद्यावर आणताना ते जोडून दाखवतो एवढंच.

इंजिनीअरिंगच्या पोरांना हे सांगायला मला एकदा पाऊण तास लागला होता. सातवीला नाही लागला. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला काना वेगळा आणि ठ वेगळा हे कळायला वेळ लागत नाही. त्यांनी तो पहिलीत वेगळाच गिरवलेला असतो.

[मुलगी टाइप करतेय. बोट एकेका कळीवर.]

आता तिला पुढे बोलावलंय. शब्द तिनंच निवडला: तुर्भे. मावशी राहते तिथे. बोट बघा. त. उकार. र. मग थांबली. रफार कुठे आहे? खजिनदारीण बाई तिच्या कानात काही सांगत नाहीत, नुसत्या बघत राहतात. शेवटी मुलगीच म्हणते, "र चा पाय मोडायचा." हलन्त. भ. मात्रा. आणि र टुणकन उडी मारून भ च्या डोक्यावर जाऊन बसतो.

दोन अक्षरं. उत्तर 6.

बाकीच्या वर्गानं मग आपापलं स्टेशन मोजून घेतलं. कोपरखैरणे 9 भरलं आणि तिथल्या दोघांनी बाकावर हात आपटले.

[फळा. "ती होडी जाडी होती".]

घंटा व्हायला दहा मिनिटं असताना वर्गशिक्षिकेनं स्वतः उठून हे लिहिलं. हे कार्यक्रमात नव्हतं. ती होडी जाडी होती. उलट वाचा. ती, होडी, जाडी, होती. पोरांना हे आधीच येतं. रामाला भाला मारा, टेप आणा आपटे, सगळं घडाघडा म्हणून झालं. बाई म्हणाल्या, "आता याला विचारा."

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे एका ओळीचं काम. शब्द उलटा कर, मूळ शब्दाशी ताडून बघ. रोमन अक्षरांत लिहिलेल्या 'मॅडम'ला ही ओळ चालते. मधल्या मोकळ्या जागा काढल्या आणि ओळ चालवली. संगणक म्हणाला: नाही.

[क्लोज-अप: पडद्यावर उलटलेला शब्द.]

पडद्यावर काय उमटलंय ते वाचतो. सुरुवातीला ठिपक्यांचं एक गोल, त्याला लटकलेली एकटी वेलांटी. पुढे: तोहीडाजीडोहीत. अक्षरं सात, सुटे भाग चौदा. भाग एकेक करून उलटवल्यावर प्रत्येक वेलांटी, काना, मात्रा घर सोडून शेजारच्याकडे राहायला गेली. पहिलीला शेजारीच मिळाला नाही, तर तिला ठिपक्यांचं भाड्याचं गोल.

आता मुलांचे चेहरे.

[निवेदन नाही. 25 सेकंद.]

[लोकल. परतीचा प्रवास. वहीत काहीतरी लिहिणारी मुलं.]

सहावं गणित हे असं आलं. प्रश्न काढण्याच्या कामात मी होतो, म्हणून पुढचा घोळही माझ्या नावावर आहे.

[सेमिनार हॉल. निकालाचा पडदा, लाल ओळी.]

दोन तास दहा मिनिटं. बघा, सहाव्या गणितापुढे नुसत्या लाल ओळी, म्हणजे चुकलेली उत्तरं. पण हा खिडकीजवळचा संघ एसईच्या तीन मुलींचा. त्यातल्या दोघी त्या शनिवारी शाळेत होत्या. त्यांचा कागद आम्ही नंतर मागून घेतला. तर्क सरळ आहे: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार दिसला की तो मागच्या अक्षराला चिकटवायचा. पाय मोडलेला दिसला की पुढचं व्यंजनही त्याच गठ्ठ्यात घ्यायचं. मग गठ्ठे उलटवायचे, आतले भाग नाहीत. अकरा ओळींत बसलंय. तरी पडद्यावर लाल.

दोनदा लाल आल्यावर त्यांच्यातली एक परीक्षकांच्या टेबलाशी आली. ही ती. तिनं विचारलं, "सर, चिमा काय कामाची, याचं उत्तर तुम्ही काय धरलंय?"

मी धरलं होतं होय. सगळा महाराष्ट्र होय म्हणतो.

"पण सर, पहिली चि ऱ्हस्व आहे, शेवटची ची दीर्घ."

[परीक्षकांचं टेबल. कुणी बोलत नाही.]

चि मा का य का मा ची. कानाला उलटसुलट एकच. डोळ्यांना नाही. गणितात स्वच्छ लिहिलं होतं की अक्षर न् अक्षर सारखं हवं, आणि चाचणी मी कानानं घातली होती. तिथल्या तिथे उत्तर बदललं आणि आलेले सगळे प्रोग्रॅम पुन्हा तपासले. त्यांचा दुसऱ्यांदा पाठवलेला हिरवा झाला, त्याच्याआधीचा पहिला खरोखरच चुकला होता. त्यात जोडाक्षरं फुटत होती. दंड 20 मिनिटं.

[जांभळा फुगा. फुगवणारा मुलगा धावत टेबलाकडे.]

एकच जांभळा फुगा गेला. पहिला नंबर दुसऱ्याच संघाचा आला. नंतर दोन संघ आयसीपीसीच्या ऑनलाइन फेरीला बसले, पुढे गेले नाहीत. शाळेतला शनिवारचा तास चालू आहे.

[रिकामा हॉल. खुर्च्या उचलणारी मुलं. घड्याळात चारला दहा.]

पुढच्या कार्यक्रमाची माणसं दारात उभी आहेत. बॅनर उतरवताना एक कोपरा फाटला, तो पुढच्या कमिटीला चिकटपट्टी लावूनच मिळेल. फाइल कपाटात. किल्ली अडकली. खजिनदारीण बाईंनी खांदा लावून दार दाबलं, मग फिरली.

[घणसोली स्टेशन. संध्याकाळ. लेडीज डबा.]

फुगे फोडून टाकायची पद्धत आहे, नाहीतर सफाईवाल्या मावशी ओरडतात. पण जांभळा यांनी बॅगेला बांधून आणलाय. रबाळ्याला चढलेल्या एका बाईंच्या कडेवरचं पोर त्याच्याकडे बघून हात पसरतं. तिघींची आपसात नजरानजर होते.

ऐरोली गेलं. गाठ सुटत नाही, म्हणून एक जण दातानं सोडवतेय.