एका घरात दोन सुट्ट्या

नमस्कार श्रोतेहो.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. वडगावातल्या आमच्या घरी सहालाच न्हाणीतली चूल पेटली होती, हंड्यातलं पाणी कढत आलं होतं आणि पलीकडच्या घरातला माग रोजच्यासारखा खडखडायला लागला होता. थोरली आठ वर्षांची. तिनं अंघोळ केली, वेण्या घालून घेतल्या, गणवेशावर स्वेटर चढवला. धाकटा पाच वर्षांचा, आज्जीच्या वाकळीत मुटकुळं करून झोपलेला. दप्तर पाठीला लावून थोरली त्याच्याकडे बघत जरा वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "आई, आमची शाळा सुट्टी द्यायला विसरली काय गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबा हातात दिला आणि तिला वाटेला लावलं. दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

श्रोतेहो, आमच्या बेळगाव भागात असं बऱ्याच घरांत असतं. एक मूल सरकारी मराठी शाळेत, दुसरं इंग्रजी माध्यमात. थोरलीला मराठीत घातलं ते आम्ही दोघांनी ठरवून. धाकट्याच्या वेळी चार लोकांचं ऐकलं आणि त्याला मिशनच्या शाळेत घातलं. थोरलीच्या शाळेला दसऱ्याची सुट्टी भरपूर, पण नाताळला एकच दिवस. धाकट्याच्या शाळेनं दसऱ्याचे दिवस कमी केले आणि ते नाताळला जोडून दिले. हिशेबानं दोघांची बेरीज जवळपास सारखीच. पण आठ वर्षांच्या पोरीला डिसेंबरच्या गारठ्यात ऑक्टोबरची बेरीज सांगून काय उपयोग?

पहिल्या दोन दिवसांत माझ्याकडून चूकच झाली. यांची उद्यमबागेतल्या फौंड्रीत पहिली पाळी, हे पहाटेच बाहेर पडायचे. माझ्याकडे शिलाईचं काम साचलेलं. धाकटा मागं लागला की मी त्याच्या हातात मोबाईल द्यायची. घर शांत व्हायचं. पण संध्याकाळी बहीण आली की तो तिच्यावरच चिडायचा, जेवायला नको म्हणायचा. आणि ती त्याच्याकडे असं बघायची, की सुट्टी मिळूनही ह्याला ती वापरता येत नाही.

वाट सासूबाईंनी काढली. त्यांनी जुन्या लुगड्यांचं बोचकं सोडलं आणि धाकट्याला म्हणाल्या, "ये हिकडं, वाकळ घालायची हाय, तू धागं सरळ कर." वाकळ म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून हातानं धावदोरा घालून शिवलेलं पांघरूण. आमची कानडी शेजारीण तिला कौदी म्हणते. ती पण दुपारी सुई घेऊन येऊन बसली. दोन म्हाताऱ्या दोन भाषांत बोलतात, मधे पोरगं बसलेलं, कुणाचंच काही अडत नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "आई, सूजी दे." मी रवा काढून आणला. तर तो हसायला लागला, कानडीत सूजी म्हणजे सुई! शाळेच्या पुस्तकातून हा शब्द त्याला असा सापडला नसता.

पण माझ्या मनात होती ती थोरली. दुपारची मजा ती नसताना झाली, तर तिचं दुःख वाढणारच. मग मी घरात एक नियम केला. दुपारी काम, आणि मजेचं जे काही असेल ते ती शाळेतून आल्यावर. धाकट्यानं थांबायचं. पाच वर्षांच्या पोराला थांबायला लावणं सोपं नसतं, श्रोतेहो. पहिल्या दिवशी त्यानं तीन वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी "आली काय अक्का?" म्हणून मला भंडावलं. दुसऱ्या दिवशी मात्र तो चारलाच कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. ती गल्लीत वळली की धावत जाऊन तिचं दप्तर ओढून घ्यायचा. तिला असं घ्यायला याआधी कुणी गेलं नव्हतं. दोन दिवसांतच तिची चाल बदलली.

मग आमची संध्याकाळ सुरू व्हायची. एक दिवस येळ्ळूरच्या वाटेनं शिवारात गेलो. आमच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातला बासमती भात मुंबई-पुण्यातसुद्धा नावाजलेला. त्याची कापणी होऊन गेली होती. भात निघालं की राहिलेल्या ओलीवर मसूर पेरतात, वेगळं पाणी फारसं लागत नाही. ती मसूर वीतभर वर आली होती. थोरली बांधावरून भावाला सांगत होती, "ह्यावर पाय ठेवायचा न्हाई, ही आमटीतली मसूर हाय." त्याला आमटीतली मसूर जमिनीत उगवते हेच नवीन होतं. समोर राजहंसगड सोनेरी झाला आणि हळूहळू काळा पडला. थंडी वाजायला लागली तसे आम्ही परतलो.

बाजारातून रताळी आणली होती, आपल्या इकडची लाल सालीची. अंगणात शेकोटी करून राखेत भाजली. इथं एक गोष्ट घडली, ती मुद्दाम सांगते. मी पाठ फिरवली आणि धाकट्यानं राखेतलं रताळं हातानंच उचललं. बोटं भाजली. मी घाबरून टूथपेस्ट चोपडली, आमच्याकडे तेच करतात. डॉक्टरांनी आधी ती पुसून काढली. म्हणाले, भाजलं की पहिल्यांदा नळाच्या साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूपही नको. जखम लहान होती, भरली. पण तुमच्याकडे शेकोटी असेल तर पाण्याची बादली शेजारी ठेवा, आणि पोरांच्या अंगावर नायलॉनचं काही असू देऊ नका. आणि रात्री थंडी फार म्हणून पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसला तरी तो जीव घेतो.

आणि मग ओल्ड मॅन. बेळगावकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते. 31 डिसेंबरला इथं सरत्या वर्षाचा म्हातारा करून रात्री बाराला जाळतात. कॅम्पात तर मोठमोठे पुतळे विकायला उभे असतात. आमच्या पोरांनी आपला स्वतः करायचा ठरवला. पिंजर शेजारच्या गोठ्यातून आलं, सदरा बाबांचा, फौंड्रीतल्या ठिणग्यांनी भोकं पडलेला. थोरली मुख्य कारागीर. ती शाळेत असायची तोवर धाकटा पिंजराच्या पेंढ्या बांधून ठेवायचा, आणि ती आल्याशिवाय आत भरायचा नाही. फटाके घालायचे नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलं. दोघं जरा हिरमुसले, पण ऐकलं.

डोक्याला जुनं मडकं होतं. तोंड काढायला थोरली खडू घेऊन बसली आणि मधेच थांबली. "आई, ह्याला शाळा होती काय?" मी म्हटलं, वर्षाला कसली शाळा. तर धाकटा म्हणाला, "होती की, अक्काच्याच शाळेत होता. तितं गरम दूध देतात." सरकारी शाळेत क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं. 2013 पासून ही योजना आहे. थोरली घरी येऊन सांगते ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. त्याच्या शाळेत ते नाही, म्हणून त्याला तिचा हेवा वाटत होता, हे मला त्या दिवशी कळलं. थोरलीनं त्या म्हाताऱ्याला मोठ्या मिश्या काढल्या आणि दप्तर म्हणून पाठीला सासूबाईंच्या लुगड्याची एक चिंधी बांधली.

31 ला बारापर्यंत दोघांनाही जाग राहिली नाही. साडेनऊलाच आम्ही म्हातारा पेटवला. धाकटा बहिणीचा हात धरून लांब उभा होता, बोटांची खपली अजून पडायची होती. पाण्याची बादली शेजारी होती.

सकाळी उठून बघते तर थोरली भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर स्टुलावर उभी. जानेवारीचं पान. संक्रांतीभोवती तिनं पेन्सिलनं गोल काढला होता, गोलात दोन माणसं. "त्या दिवशी दोघांची पण सुट्टी," ती म्हणाली. "तिळगूळ करताना आम्हाला उठवशील काय?"

नमस्कार.