आयात शुल्क, सोयाबीन आणि मांजरेचे पाणी

(लातूर येथे वाणिज्य व कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो, आणि दुकान सोडून आलेल्या आडत व्यापारी बंधूंनो,

व्यापार धोरणातील पर्यावरण हा विषय निघाला की चर्चा ब्रुसेल्स, जिनिव्हा आणि फार तर दिल्लीपर्यंत जाऊन थांबते. ती आज लातूरच्या बाजार समितीपर्यंत आणावी असा माझा प्रयत्न आहे. कारण माझ्या मते विकसनशील देशाच्या हातातले पर्यावरणाचे सर्वांत प्रभावी साधन व्यापार करारातल्या एखाद्या हरित प्रकरणात सापडत नाही, ते सीमाशुल्काच्या तक्त्यात असते, आणि तो तक्ता ठरवताना आपण पर्यावरणाचा विचार जवळपास करतच नाही.

आधी बाहेरून येणाऱ्या अटींकडे पाहू. सागरी कासवे वाचवणारे साधन जाळ्याला न लावणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने अडवली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. 1998 मध्ये आपण तो खटला जिंकलो असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. पर्यावरणासाठी आयात अडवण्याचा हक्क अपिलीय मंडळाने नाकारला नव्हता. तो हक्क राबवताना देशादेशांत भेदभाव झाला, एवढ्यावरच त्याने बोट ठेवले. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली आणि 2001 मध्ये मलेशियाची पुढची तक्रार टिकली नाही. म्हणजे अशा अटी नियमबाह्यच असतात, या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

आजची अट आहे युरोपीय संघाच्या कार्बन सीमा कराची, ज्याला उद्योजक ‘सीबॅम’ म्हणतात. माल बनवताना जेवढा कार्बन हवेत गेला, त्याची किंमत तो माल युरोपात येताना वसूल करणारा हा कर. 2023 च्या ऑक्टोबरपासून त्यात केवळ माहिती द्यावी लागत होती. 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा भाग सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांना तो लागू आहे, आणि पोलादाच्या यादीत नट-बोल्टही येतात. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लघुउद्योजक युरोपला बोल्ट पाठवत असेल, तर त्याला स्वतःच्या शेडमधल्या धुराचा हिशेब पुरत नाही. ज्या पोलाद कारखान्याकडून त्याने वायर रॉड घेतला, त्याच्या उत्सर्जनाचा आकडा लागतो. मोठा कारखाना लहान गिऱ्हाइकाला हा आकडा सहजासहजी देत नाही. आकडा नसेल तर युरोप आपला ठरीव आकडा धरतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो.

यावर भारताचा आक्षेप न्याय्य आहे. 1992 च्या रिओ परिषदेने जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे तत्त्व मान्य केले. हवेत आधीपासून साचलेल्या कार्बनमध्ये श्रीमंत देशांचा वाटा मोठा आहे. तरीही एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. मूळ देशात कार्बनची किंमत भरलेली असेल तर ती युरोपात वजा होते. म्हणजे आपण आपल्याकडे वसूल केला नाही तो पैसा तिकडच्या तिजोरीत जमा होतो. भारताने 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला, 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर आलेल्या, राज्यांच्या भरपाईसाठीच्या उपकरात विरून गेला. जगात फार थोड्या विकसनशील देशांनी इतक्या लवकर असा कर लावला होता, आणि आपणच त्याची ओळख पुसली. 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना, म्हणजे उत्सर्जन कमी करणाऱ्याला ती बचत विकू देणारी योजना, अधिसूचित झाली खरी, पण तिची किंमत युरोपने ग्राह्य धरावी एवढी ती अजून भक्कम व्हायची आहे.

आता सोयाबीन. जंगलतोड करून पिकवलेला माल युरोपात येऊ नये असा 2023 चा युरोपीय कायदा आहे. त्यात सोयाबीन आणि सोयापेंड दोन्ही आहेत. अंमल लांबणीवर पडत आला आहे, पण अट स्पष्ट आहे: 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल नसावा, आणि ज्या रानात तो पिकला त्याचे अक्षांश-रेखांश सोबत असावेत. औसा-निलंग्याच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालतो, तेव्हा तोडायला जंगल होतेच कुठे? अडचण पुराव्याची आहे. आडतीवर सौदा झाला की वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा माल एकाच ढिगात जातो, तिथून तेल गिरणीत, तिथून पेंडीच्या पोत्यात. त्या ढिगातच पत्ता हरवतो. हे जमणार नाही, असे मात्र म्हणू नका. द्राक्षांतील औषधांच्या अवशेषांवरून युरोपने माल नाकारला, त्यानंतर अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने ‘ग्रेपनेट’ ही नोंदणी व्यवस्था उभी केली आणि प्रत्येक पेटी बागेपर्यंत शोधता येऊ लागली. आपले सोयाबीन जनुकीय बदल न केलेले आहे आणि त्याला जगात वेगळा ग्राहक आहे. शेताचा पत्ता सांगता आला तर तो ग्राहक टिकेल. हा खर्च कोणी करायचा, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि तो दोन एकरवाल्याच्या माथी मारता येणार नाही.

इथपर्यंत दुसऱ्यांच्या अटी झाल्या. स्वतःच्या धोरणाकडे वळलो की चित्र अधिक विचित्र दिसते. 2023 च्या विदेश व्यापार धोरणात पर्जन्यजल संचयन, सांडपाण्याचा पुनर्वापर अशा यंत्रसामग्रीसाठी निर्यात बंधनात, म्हणजे ठरावीक निर्यात करून दाखवण्याच्या अटीत, सवलत आहे, ते चांगलेच आहे. पण मराठवाड्याच्या पाण्यावर त्याहून कितीतरी मोठा परिणाम खाद्यतेलाच्या आयात शुल्काचा होतो. शुल्क उतरले की बाहेरचे तेल स्वस्त होते, सोयाबीनचा भाव पडतो आणि शेतकरी उसाकडे वळतो. आपण सुमारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात पामतेल सर्वाधिक, आणि ते कोणत्या जंगलाच्या जागी पिकले हे आपण विचारत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले आणि 2025 च्या मे अखेरीस 10 टक्क्यांवर आले. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारात सोयाबीन त्याच्या बरेच खाली विकले गेले. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट 12 टक्क्यांची होती, नंतर ती 15 झाली. तोवर अनेकांनी गरजेपोटी आडतीवरच माल टाकला होता.

अशा वर्षी शेतकरी काय करतो? विहिरीला थोडे पाणी असेल तर ऊस लावतो. उसाला दर ठरलेला आहे, तोडणीला उशीर होवो पण कारखाना घेतो. त्याला दोष देण्यात काय हशील? किलोभर साखरेमागे उसाला एकूण दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते असे धरले, तर 50 किलोच्या एका पोत्यात 75 हजार ते एक लाख लिटर पाणी जाते. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणीरेल्वे आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे पाच-सात पोती साखरेचे पाणी. 2019 मध्ये विभागीय आयुक्तांच्या अहवालाने मराठवाड्यात ऊस बंद करण्याची शिफारस केली. पुढे काय झाले ते तुम्ही रस्त्यावरच्या ट्रॉल्यांवरून ओळखता. जून 2022 पासून साखर निर्यातीवर निर्बंध आले, पण त्यामागचे कारण देशातला साखरेचा भाव होते. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमुळे उसाची मागणी तशीच राहिली.

सोयाबीन साधारण शंभर दिवसांत, पावसावर येते. ऊस वर्षभर उभा असतो. तेव्हा तेलावरचे शुल्क ठरवताना ग्राहकाच्या फोडणीचा खर्च पाहिला जातो, तसा मांजरा-तेरणा खोऱ्यातल्या पाण्याचाही हिशेब मांडायला हवा. ग्राहकाला महागाई सोसवत नाही हे मान्य. पण त्यासाठी रेशनवर तेल देता येते, सगळ्या बाजाराचा भाव पाडण्याची गरज नसते. दुसरे असे की वेळ चुकते. 2024 चे वाढीव शुल्क पीक शेंगांनी भरल्यावर आले आणि 2025 ची कपात पेरणीच्या तोंडावर. शुल्क किमान तीन हंगामांसाठी आधी जाहीर व्हावे, ते बदलायचेच असेल तर मृगाच्या आत बदलावे, आणि त्या अधिसूचनेसोबत तिचा पीकपद्धतीवर व भूजलावर काय परिणाम होईल याचे टिपण कृषिमूल्य आयोगाने प्रसिद्ध करावे. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना कोणाशी करार.